एक वर्ष तिलाही द्या!

मे महिना लागला की आमच्या वसई-विरारमध्ये दोन गोष्टींची वाट बघणं सुरू होतं. एक पावसाची आणि दुसरी बारावीच्या निकालाची. निकाल लागला की मग पुढचे आठ दिवस भाजीवालीपासून लोकलच्या लेडीज डब्यापर्यंत सगळीकडे एकच प्रश्न, "तुमच्या मुलीला किती पडले?" नव्वदीच्या घरातल्या मुलींच्या आया हसत हसत सांगतात. साठीतल्या मुलींच्या आया पर्स उघडून काहीतरी शोधत बसतात.

अशीच एक आई २०२४ च्या मेमध्ये मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती. आमच्या महिला मंडळाच्या कामामुळे तिची माझी जुनी ओळख. नालासोपाऱ्यात दोन खोल्यांचं घर, नवरा रिक्षा चालवतो. मुलीला कला शाखेत ६१ टक्के पडले होते. रडून रडून पोरीचे डोळे सुजले होते. तिला राज्यशास्त्र शिकायचं होतं, तेही दिल्लीला. आता ते स्वप्न संपलं असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"काकू, दिल्ली विद्यापीठात शंभरपैकी शंभर लागतात ना?" तिने विचारलं.

खोटं नव्हतं ते. २०२१ साली दिल्लीच्या काही नामांकित कॉलेजांनी काही विषयांचा कटऑफ खरोखरच १०० टक्के लावला होता. पण २०२२ पासून चित्र बदललंय. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस हिंदू विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांतले पदवीचे प्रवेश आता 'सीयूईटी' नावाच्या सामाईक परीक्षेतून होतात. दिल्ली विद्यापीठाची गुणवत्ता यादी याच परीक्षेच्या गुणांवर लागते. बारावीला तुम्ही पास असणं महत्त्वाचं. बारावीचे गुण बघितले जातात ते दोघांचे गुण अगदी सारखे झाले तर. म्हणजे ६१ टक्केवालीलाही ९५ टक्केवालीच्या शेजारी बसून नव्याने परीक्षा देता येते. सरकारी विद्यापीठाचं दार तिला बंद नाही!

हे ऐकून पोरीचा चेहरा असा उजळला म्हणता! पण पुढचं सांगताना माझीच जीभ जड झाली. त्या वर्षी सीयूईटीचे फॉर्म एप्रिलमध्येच बंद झाले होते आणि आपल्या बोर्डाचा निकाल लागला होता २१ मे रोजी. पुढच्याच वर्षी, २०२५ साली, फॉर्म मार्चमध्ये संपले आणि निकाल ५ मेला आला. टक्के कळल्यावर धावाधाव करणाऱ्यांना ही गाडी मिळतच नाही. ती आधीच सुटून गेलेली असते.

"मग पुढच्या वर्षी देऊ दे परीक्षा," मी म्हटलं. या परीक्षेला वयाची अट नाही. आधी बारावी झालेल्यांनाही बसता येतं. वर्षभर अभ्यास करेल पोरगी.

संध्याकाळी तिचे वडील आले. माणूस भला, मुलीवर जीव असणारा. पण म्हणाले, "ताई, तुमचं पटतंय. पण पोरीला वर्षभर घरी बसवून काय करू? लोकं विचारतात. उद्या स्थळं यायला लागली की सांगायचं काय?"

आता गंमत बघा. याच घरातल्या थोरल्या मुलाने इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी एक वर्ष 'ड्रॉप' घेतला होता. क्लासची फी पतपेढीतून कर्ज काढून भरली होती. मी तेवढी आठवण करून दिली. त्यावर ते सहज म्हणाले, "त्याचं वेगळं आहे हो ताई."

मैत्रिणींनो, 'त्याचं वेगळं आहे' हे वाक्य मी त्याआधीही ऐकलेलं होतं. १९९७ साली मला बारावीला ५६ टक्के पडले तेव्हा आमच्या घरीही हेच झालं होतं. भावाने दोनदा परीक्षा दिली. माझ्यासाठी जवळचं कॉलेज शोधलं गेलं, ट्रेन लागू नये म्हणून. मी बी.ए. झाले, त्याचं मला वाईट वाटत नाही, त्या शिक्षणाने मला पुष्कळ दिलं. पण मला पुन्हा प्रयत्न करायचा आहे का, हे कुणी विचारलंच नाही. आणि विचारायचं असतं हे मलाही कळलं नाही.

आपण मुलींना शिकवतो आता, अगदी हौसेने शिकवतो. पण पहिल्या झटक्यात जे मिळेल तेवढंच. मुलगा घसरला तर 'त्याला अजून एक संधी देऊ' आणि मुलगी घसरली तर 'तिची झेप तेवढीच'. टक्के कमी पडलेल्या मुलाला आपण वेळ देतो आणि मुलीला सल्ला देतो! माझं भांडण आहे ते इथे.

कमी टक्क्यांवर चांगल्या सरकारी संस्थेत जायच्या वाटा आहेत. पण जवळपास प्रत्येक वाट थोडी लांबून जाते. एखादं वर्ष जादा लागतं, नाहीतर वेगळा रस्ता धरायला लागतो. ज्या मुलीला घरातून वेळच मिळत नाही तिला या वाटा असून नसल्यासारख्याच.

दुसरी वाट दहावीनंतरची आहे आणि ती आपल्याकडे बरीच जुनी आहे. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला दहावीत ३५ टक्के असले तरी अर्ज करता येतो. या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. तीन वर्षांचा डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं आणि ती यादी लागते डिप्लोमाच्या गुणांवर. माटुंग्याचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी या नावाजलेल्या संस्थांतही असा प्रवेश मिळतो. सीओईपी तर १८५४ पासूनची संस्था, २०२२ मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. दहावीला साठ टक्के पडलेल्या मुलीला या संस्थेचं नाव घ्यायलाही संकोच वाटेल. पण तिने डिप्लोमात जीव ओतला तर ती तिथे पोहोचू शकते. जागा थोड्या आणि चांगल्या शाखांना डिप्लोमाचे गुण नव्वदीच्या वर लागतात, हेही सांगायला हवं. आणि वर्ष वाया जातं म्हणाल, तर हिशेब करून बघा. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनीअरिंगची चार, झाली सहा. डिप्लोमाची तीन आणि पुढची तीन, तरी सहाच!

पैशाचं म्हणाल तर २०२४-२५ पासून आपल्या राज्यात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून इंजिनीअरिंगसारख्या व्यावसायिक पदवीला जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. किती आयांना हे माहीत आहे? मी आमच्या एका बैठकीत विचारलं, तर वीस जणींत तीन हात वर आले.

आता सीयूईटीबद्दल थोडं. ही परीक्षा मराठीतून देता येते. पण प्रश्न असतात एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि आपली मुलं वाचतात महाराष्ट्र बोर्डाची पुस्तकं. एनसीईआरटीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण ती इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत. मराठीत नाहीत. म्हणजे पेपर मराठीत आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत! नालासोपाऱ्याच्या मराठी माध्यमातल्या मुलीला वर्षभराचा अवधी लागतो तो यासाठी. ती 'ढ' आहे म्हणून नव्हे. शिवाय दिल्ली विद्यापीठात बारावीला शिकलेल्या विषयांचेच पेपर द्यावे लागतात, तेव्हा विषय निवडतानाच नियम वाचायला हवेत. एक एक पेपर ५० प्रश्नांचा, एका तासाचा, चुकलं की गुण वजा. या सगळ्याला सराव लागतो. क्लासवाल्यांनी तर आत्ताच पाट्या लावल्यात. पण अभ्यास मुळात पुस्तकाचा आहे, मनापासून वाचणाऱ्या मुलीला क्लासविना काही अडू नये.

काही जणी म्हणतील, मुलीला एवढ्या लांब कशाला पाठवायचं? काळजी खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. वसतिगृह, खर्च, सुरक्षितता, सगळं बघायलाच हवं. पण एक विचारते. सुरतचं, इंदूरचं चांगलं स्थळ आलं तर आपण अंतर मोजतो का? तेव्हा 'मुलगी सुखात राहील' म्हणून पाठवतोच ना? मग शिकायला पाठवतानाच नकाशा का आठवतो? आणि दिल्ली नको असेल तर वर्ध्याचं हिंदी विद्यापीठही केंद्रीयच आहे की!

'लोक काय म्हणतील' याला तर माझ्याकडे औषध आहे. वर्षभर मुलगी घरी बसत नाही, ती अभ्यास करते, असं ठणकावून सांगा. ते जमत नसेल तर जवळच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घाला आणि सोबत परीक्षेची तयारी करू द्या. लोकांचं तोंड बंद आणि मुलीचं दार उघडं!

माझी वाचक मैत्रिणींना एवढीच विनंती आहे. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटताना बारावीतल्या मुलींच्या आयांना एक प्रश्न विचारा, "सीयूईटीच्या फॉर्मची तारीख बघितली का?" तारीख दरवर्षी बदलते, म्हणून जानेवारीपासूनच डोळा ठेवावा लागतो. ज्युनिअर कॉलेजांनीही डिसेंबरमध्येच ही माहिती फळ्यावर लावली, तर निकालानंतर रडणाऱ्या कितीतरी मुली वाचतील. आणि निकालाच्या दिवशी टक्के काहीही असोत, मुलीला आधी जेवायला वाढा आणि मग विचारा, "तुला पुन्हा प्रयत्न करायचाय का?"

त्या मुलीचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. तिला ते वर्ष मिळालं नाही. आज ती जवळच्या कॉलेजात बी.ए. करते आहे, चांगलं करते आहे. तिची वेळही गेलेली नाही. एम.ए.साठी सीयूईटी-पीजी आहे, विद्यापीठाची किमान गुणांची अट बघून तयारी करायची. ती करतेय. मधे एकदा बाजारात भेटली तेव्हा तिने वहीत लिहून घेतलेल्या तारखा दाखवल्या. मी म्हटलं, "अगं, या तर बारावीवाल्यांच्या!"

"धाकटीसाठी आहेत काकू," ती म्हणाली. "तिला मी कुणाला 'त्याचं वेगळं आहे' म्हणू देणार नाही."