त्र्याहत्तर डॉलर आणि तेरा सेंट

बँकेतील माझ्या छत्तीस वर्षांच्या सेवेत मी अनेक टेबलांवर बसलो. त्यांपैकी निवृत्तिवेतनाचे टेबल सर्वांत नीरस समजले जाई. कर्जविभागात बसणाऱ्याला मान, रोख विभागात बसणाऱ्याला जोखीम, आणि निवृत्तिवेतन सांभाळणाऱ्याला नोव्हेंबर महिन्यात हयातीचे दाखले घेऊन येणाऱ्या वृद्धांची रांग! त्या टेबलाने मला काय शिकवले, हे कळायला मात्र निवृत्त व्हावे लागले.

२०२० सालच्या टाळेबंदीत एक लहानशी बातमी वाचनात आली. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात नव्वद वर्षांच्या एका वृद्धेचे ३१ मे रोजी निधन झाले होते. तिला अमेरिकी सरकारकडून दरमहा ७३ डॉलर १३ सेंट इतके वेतन मिळत असे. रक्कम किरकोळ, पण ती कशाबद्दल मिळत होती? १८६५ साली संपलेल्या यादवी युद्धात तिचे वडील लढले होते, त्याबद्दल. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी उतारवयात पुन्हा विवाह केला, १९३० साली ही मुलगी झाली, आणि जन्मतः असलेल्या अपंगत्वामुळे तिचा हक्क आजन्म टिकला. युद्ध संपल्यावर १५५ वर्षांनी त्या युद्धाचे शेवटचे खाते बंद झाले. त्यातही एक गंमत अशी की, हे गृहस्थ प्रथम दक्षिणेच्या सैन्यात होते, तेथून पळून ते उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. दक्षिणेकडेच राहिले असते तर त्यांना स्वतःला केंद्र सरकारकडून एक सेंटही मिळाला नसता.

हे युद्ध आपल्या व्यापारी घराण्यांना अगदीच परके नाही. १८६१ च्या एप्रिलमध्ये गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये आणि उत्तरेकडील संघराज्य यांच्यात तोफा धडाडल्या. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस बंद झाला. मग त्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस कित्येक पट भावाने विकला जाऊ लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून नव्या कंपन्या, कंपन्यांचे भाग, भागांवर वायदे, वायद्यांवर कर्जे असा मनोरा उभा राहिला. त्या मनोऱ्याच्या शिखरावर आपलेच शेठ प्रेमचंद रायचंद होते. १८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ती वार्ता मुंबईस पोहोचताच कापसाचे भाव कोसळले, १ जुलैच्या वायद्यांची पूर्तता होऊ शकली नाही आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बाँबे गुंडाळावी लागली आणि चौकशी आयोग बसला. बँकिंगच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण अभ्यासावे असेच आहे. शेठजींचेही दिवाळे निघाले. पण त्यांनी मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा आजही विद्यापीठाच्या आवारात तास मोजतो आहे. दृष्टी गेलेल्या मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ त्या घंटेवरून कळावी, अशी त्यामागील कथा सांगितली जाते, ती आपल्या घरोघरी ठाऊक आहेच.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. एम.कॉम.ला ही तेजी-मंदी पाठ केली, परीक्षेत लिहिली, गुणही मिळाले. परंतु ज्या युद्धामुळे आपल्याकडे तेजी आली, त्यात माणसे किती मेली, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. आमच्या खतावणीत ते युद्ध केवळ जमेच्या बाजूला होते.

आकडा असा आहे. त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या ३ कोटी १४ लाख, त्यांपैकी जवळजवळ ४० लाख गुलाम. चार वर्षांत दोन्ही बाजूंचे मिळून किमान ६ लाख २० हजार सैनिक मृत्यू पावले. जनगणनेच्या आधारे केलेले अलीकडचे अंदाज सात लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातात. यांपैकी सुमारे दोन तृतीयांश गोळीने नव्हे, तर हगवण, विषमज्वर अशा रोगांनी गेले. आणि मृतांची नोंद ठेवण्याची कोणतीही पक्की व्यवस्था नव्हती. सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला नसे. मोठ्या लढाईच्या आदल्या रात्री काही जण स्वतःचे नाव कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून अंगरख्याला टाचून ठेवीत. माणूस मेल्यावर निदान नाव तरी घरी पोहोचावे, एवढीच अपेक्षा.

येथे मला एका कारकुनाची गोष्ट सांगावयाची आहे. जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल येथे दक्षिणेने उत्तरेच्या कैद्यांसाठी छावणी उभारली होती. चौदा महिन्यांत तेथे सुमारे ४५ हजार कैदी आले आणि जवळजवळ १३ हजार मेले. उघड्यावरचे मैदान, दूषित ओहोळाचे पाणी, अपुरे अन्न. डॉरेन्स ॲटवॉटर नावाचा कनेक्टिकटचा एक कैदी होता, वय विशीच्या आतबाहेर. अक्षर चांगले म्हणून त्याला मृतांची नोंदवही लिहिण्यास बसवले. रोज नावे, पलटण, मृत्यूचे कारण आणि थडग्याचा क्रमांक. ही वही युद्धानंतर उत्तरेच्या हाती लागू दिली जाणार नाही, असा त्याला संशय आला आणि त्याने गुपचूप दुसरी प्रत लिहावयास सुरुवात केली. सुटकेच्या वेळी ती कोटाच्या अस्तरात लपवून त्याने बाहेर आणली.

प्रेते चरांमध्ये खांद्याला खांदा लावून पुरलेली होती आणि प्रत्येकाच्या डोक्याशी केवळ क्रमांकाची खुंटी होती. ॲटवॉटरच्या यादीविना त्या खुंट्यांना काही अर्थ नव्हता. यादी हाती येताच क्रमांकाशी नाव जुळले. १८६५ च्या उन्हाळ्यात तो क्लारा बार्टन या परिचारिकेसह तेथे गेला आणि थडग्यांवर नावांच्या फळ्या लागल्या. तेरा हजारांपैकी ज्यांचे नाव लागू शकले नाही, अशी थडगी केवळ साडेचारशेच्या सुमारास राहिली. ज्याने आयुष्यभर दिवसअखेरीस ताळा जुळवला आहे, त्याला या आकड्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता पुढचे ऐका. सरकारने त्या यादीबद्दल त्याला तीनशे डॉलर दिले होते. तेव्हा यादी सरकारची झाली, असे युद्धखात्याचे म्हणणे. ॲटवॉटरचे म्हणणे असे की, पैसे नक्कल करू देण्याबद्दलचे. मूळ यादी मृतांच्या घरच्यांसाठी छापली गेली पाहिजे. त्याने ती परत देण्यास नकार दिला, तेव्हा चोरीच्या आरोपावरून त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली! सुमारे दोन महिन्यांनी सुटका झाल्यावर १८६६ साली ती यादी अखेर छापून प्रसिद्ध झाली. कागद कोणाच्या मालकीचा, या वादात कागदावरची माणसे विसरली जातात, हे मी कार्यालयांत पुष्कळदा पाहिले आहे. क्लारा बार्टन यांनी वॉशिंग्टनमध्ये बेपत्ता सैनिकांसाठी स्वतंत्र कचेरीच काढली होती. तेथे तीन वर्षांत ६३ हजारांहून अधिक पत्रे आली आणि सुमारे २२ हजार सैनिकांचा ठावठिकाणा लागला.

स्मरणाचे राजकारणही लगोलग सुरू झाले. आर्लिंग्टन येथील प्रसिद्ध लष्करी दफनभूमी ही मुळात जनरल ली यांच्या पत्नीची वडिलोपार्जित जमीन. शत्रुप्रदेशातील मालमत्तेवर युद्धकाळात कर बसवला गेला. या जमिनीचा कर होता ९२ डॉलर ७ सेंट. बाईंनी नातलगाकरवी पैसे पाठवले; पण मालकाने जातीने हजर राहून भरणा केला पाहिजे, असे सांगून अधिकाऱ्यांनी ते नाकारले. युद्धरेषा ओलांडून त्या येणार कशा? कर थकला म्हणून लिलाव पुकारला गेला आणि २६ हजार ८०० डॉलरला सरकारनेच जमीन घेतली. १८६४ साली तेथे दफने सुरू झाली. घर पुन्हा राहण्याजोगे राहू नये, म्हणून काही थडगी मुद्दाम बागेच्या कडेला घेतली गेली. ली यांच्या मुलाने दावा लावला आणि १८८२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. हजारो थडगी उकरणे शक्य नव्हते. शेवटी सरकारने दीड लाख डॉलर मोजून तीच जमीन रीतसर विकत घेतली. ज्याने देशाविरुद्ध शस्त्र धरले, त्याच्या मुलालाही त्याच देशाच्या न्यायालयात न्याय मिळाला, ही गोष्ट मला अनेक पुतळ्यांपेक्षा मोठी वाटते.

न्याय सर्वांना सारखा मिळाला, असे मात्र म्हणता येत नाही. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून हाती ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हे वेतन घेण्यासच नकार दिला. वर्षाहून अधिक काळ ते बिनपगारी लढले, फोर्ट वॅगनरवर मेले, पण कमी पगारपत्रकावर सही केली नाही. १८६४ च्या जूनमध्ये संसदेने वेतन समान केले. आणि १९१३ साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर लढाईचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिकांनी एकमेकांचे हात हाती घेतले. त्या मेळाव्यात काळे सैनिक मात्र जवळजवळ नव्हतेच. भाऊ-भाऊ भांडले आणि भाऊ-भाऊ मिटले, एवढीच कथा उरली. भांडण कोणाच्या स्वातंत्र्यावरून होते, ते सोयीस्करपणे बाजूला पडले. वास्तविक १ मे १८६५ रोजीच चार्ल्सटन येथे, मुक्त झालेल्या गुलामांनी कैदेत मेलेल्या उत्तरेच्या सैनिकांची थडगी नीट करून, त्यांभोवती कुंपण घालून, हजारोंच्या संख्येने फुले वाहिली होती. अमेरिकेत मे महिन्यात पाळल्या जाणाऱ्या स्मृतिदिनाची सुरुवात सहसा १८६८ पासून सांगतात. ही फुले त्याआधीची.

आता पुन्हा माझ्या टेबलाकडे येतो. या युद्धाचे निवृत्तिवेतन वाढत वाढत १८९३ च्या सुमारास केंद्राच्या महसुलाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा खाऊ लागले, आणि त्यात लबाडीही झाली. पण काळ्या सैनिकांच्या विधवांपुढे निराळीच अडचण होती. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यताच नव्हती. मग विवाहाचा दाखला आणावा कोठून? १८६४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पतिपत्नी म्हणून एकत्र राहिल्याची साक्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरली गेली. शेजारी, सोबतचे सैनिक, कधी जुने मालकसुद्धा जबानी देत. त्या हजारो जबान्या आज वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात आहेत. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचे चरित्र केवळ त्या निवृत्तिवेतनाच्या फाईलीत सापडते.

हे वाचताना मला १९८७ साल आठवले. मी तालुक्याच्या गावी एका शाखेत होतो. एका जवानाच्या विधवेचे खाते आमच्याकडे वर्ग होऊन आले. तिचे यजमान १९७१ च्या युद्धात गेले होते. सैन्याच्या कागदांवर तिचे माहेरचे नाव. शिधापत्रिकेवर लग्नात बदललेले सासरचे नाव. मी नियमावर बोट ठेवून तिला तीन वेळा परत पाठवले. दर खेपेस ती पहिल्या एस.टी.ने येई आणि शेवटच्या गाडीने जाई. चौथ्या खेपेला ती पोलीस पाटील, दीर आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊनच आली. त्यांतली एक म्हातारी मला म्हणाली, “हिच्या लग्नात हळद मी लावली. आणखी काय लिहून पायजे तुमाला?” शाखाधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रावर काम निभावले. माझी बाजू नियमाला धरून होती, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले. आजही सांगतो, पण त्यात पूर्वीचा जोर उरलेला नाही.

अंगठा उमटवून झाल्यावर ती उठली नाही. म्हणाली, “साहेब, त्या वहीत त्यांचं नाव हाय नव्हं? वाचून दावा की.” मी वाचले : सैनिक क्रमांक, हुद्दा, पलटण, पूर्ण नाव. तिने पुन्हा वाचावयास सांगितले. मागे रांग थांबली होती, कोणीतरी घड्याळाकडे बोट दाखवत होते. “ऐका, मावशी,” असे म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून वाचले.