घर बांधण्यापूर्वी जमिनीला विचारा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव अशी दोन गावे उभी राहतात आणि नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. गोटमार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रथेत दरवर्षी माणसे जायबंदी होतात, काहींनी प्राणही गमावले आहेत. त्यामुळे सावरगाव हे नाव आपल्याकडील वाचकांस ठाऊक असेल, तर ते फेकलेल्या दगडांसाठी. आज मात्र आम्हांस त्या गावाची आठवण झाली आहे ती पायात घालावयाच्या दगडांसाठी. स्वतःच्या कष्टाच्या पैशातून, स्वतःच्या देखरेखीखाली, आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या सामान्य माणसाला त्या मुलखाची जमीन जे शिकवते, ते किनाऱ्यावरच्या आपणां सर्वांनाही शिकण्यासारखे आहे.

सौंसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला; पण तिथल्या घराघरांत मराठीच नांदते. संत्री आणि कापूस ही तिथली पिके, आणि कापूस म्हटला की काळी जमीन आलीच. आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत जमिनीचे दोन भाग मानीत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गाव वसले ते पांढरीवर; काळीवर नांगर फिरला. या विभागणीत केवळ महसुलाची सोय नव्हती. काळ्या मातीची भिंतीशी दुष्मनी असते, हे पिढ्यान् पिढ्यांचे शहाणपण त्यात साठविलेले होते. आज गावठाणे भरली, कुटुंबे विभक्त झाली, शेताचे भूखंड पडले आणि घरे पांढरीवरून काळीवर उतरू लागली. घर उतरले, शहाणपण मात्र मागे गावठाणातच राहिले.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर दोन-अडीच फुटांचा पाया घेऊन बांधलेले घर दरवर्षी किंचित उचलले जाते आणि किंचित खचते. पण चारही बाजूंना सारखेच नव्हे. मग दरवाज्याच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, खिडकी अडकू लागते, फरशी मध्यभागी फुगते. गृहस्थ गवंड्याला दोष देतो, गवंडी सिमेंटला देतो. दोष असतो तो जमिनीला न विचारता केलेल्या कामाचा. उपाय ठाऊक नाहीत असे नाही. मुरूम किंवा खडक हाताशी असेल तर पाया तिथवर न्यावा. तो फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असे खांब साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे मातीच्या फुगण्या-आकसण्याच्या टप्प्याखाली उतरवावेत. त्यांच्यावरील तुळई जमिनीला टेकू न देता खाली तीन इंचांची पोकळी ठेवावी. घराभोवती फरसबंदी करून पावसाचे पाणी दूर काढावे. मोठी झाडे पायापासून लांब लावावीत. मात्र हे सारे खर्चाचे काम आहे, आणि इथेच सरकारी धोरणाचा प्रश्न येतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०१६ साली सपाट प्रदेशासाठी एक लाख वीस हजार आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशासाठी एक लाख तीस हजार रुपये असे साहाय्य ठरले. स्वयंपाकाच्या जागेसह किमान पंचवीस चौरस मीटरचे घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदाराला मधे आणू नये, हे त्या योजनेचे तत्त्व आम्हांस मनापासून मान्य आहे. परंतु रक्कम ठरविताना डोंगर पाहिला गेला, माती पाहिली गेली नाही. मुरमावर घर बांधणाऱ्यास जेवढे मिळते तेवढेच काळ्या मातीवर बांधणाऱ्यास. ज्याचा निम्मा पैसा पायातच गडप होणार, तो मग पायाच आखूड करतो. वर रंग दिसतो, छायाचित्र निघते, हप्ता सुटतो. आणि काही पावसाळ्यांनंतर भेग उगवते. गरिबाच्या घराची भेग ही केवळ भिंतीची नसते, त्याच्या एकुलत्या एका संधीची असते. जमिनीच्या जातीप्रमाणे पायासाठी वेगळी रक्कम द्यावी, एवढी मागणी केली तर ती अवाजवी ठरू नये.

हे सारे सावरगावाकडचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून पान उलटण्याची घाई मात्र कोणी करू नये. आपल्याकडे काळी आणि पांढरी नसेल. पण शेत आणि मोरड आहे, खाजन आणि भाट आहे. गोव्यातील व कोकणातील जुनी घरे पाहा. ती टेकडीच्या पायथ्याशी, शेताच्या कडेला, पण शेताच्या पातळीहून वर, उंच जोत्यावर बसलेली दिसतील. भाताची खोलगट जमीन पूर्वजांनी पाण्यासाठी मोकळी सोडली, कारण पावसाळ्यात ती पाण्याचीच असते. आज तीच शेते लाल मातीच्या भरावाने बुजवून त्यांवर बंगले उठत आहेत. भराव घट्ट बसण्यापूर्वीच त्यावर पाया पडतो, अडलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत आणि अंगणात शिरते, आणि घरमालक चौथ्या पावसाळ्यात ओल कुठून येते याचा शोध घेत बसतो. सावरगावच्या भेगेची आणि आपल्या ओलीची जात एकच आहे.

जमिनीची परीक्षा करावी हा काही पाश्चात्त्य अभियंत्यांचा नवा शोध नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूपरीक्षा सांगितली आहे: हातभर खड्डा खणून तीच माती त्यात परत भरावी, माती उरली तर भूमी उत्तम, पुरेपूर झाली तर मध्यम, कमी पडली तर वर्ज्य. खड्ड्यात पाणी भरून शंभर पावले जाऊन यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे, अशीही एक कसोटी आहे. आजचा भूतज्ज्ञ अधिक अचूक साधने वापरतो. पण प्रश्न तोच विचारतो. आमच्या हिंदू बांधवांना घराचा दरवाजा कोणत्या दिशेला असावा याची चिंता अहोरात्र असते. मुहूर्त आणि वास्तुशांत कोणी चुकवीत नाही, चुकवूही नये. पण दिशेसाठी चार ज्योतिषी गाठणारा गृहस्थ मातीसाठी एकही खड्डा खणत नसेल, तर त्याने शास्त्रातील सोयीचे तेवढेच घेतले असे म्हणावे लागेल.

तेव्हा घर बांधू इच्छिणाऱ्यांना आमची पहिली विनंती अशी की, शक्य असेल तर जागा घेतल्यावर एक पावसाळा थांबावे. पाणी कुठून येते, कुठे साचते, झड कोणत्या बाजूने मारते, हे एक चातुर्मास जेवढे सांगेल तेवढे कोणताही नकाशा सांगणार नाही. दरम्यान सनद, एक-चौदाचा उतारा, नगरनियोजन खात्याची मान्यता आणि पंचायतीचा परवाना ही कामे उरकावीत. किनाऱ्यालगत जागा असेल तर १९९१ पासून लागू झालेल्या आणि पुढे वेळोवेळी बदललेल्या किनारी नियमांची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट, नकाशा काढण्यापूर्वी खोल्या मोजू नयेत, माणसे मोजावीत. सकाळी न्हाणीघरापाशी किती जण एकदम उभे राहतात, म्हातारी आई जिना चढणार आहे काय, वीस वर्षांनी आपण स्वतः चढणार आहोत काय, चतुर्थीला सारे घराणे जमले की पंगत कुठे बसेल, याचा विचार आधी व्हावा. गणपतीवर माटोळी बांधायला जागाच नाही, अशी नवी घरे आम्ही पाहिली आहेत. मग छताला ऐन वेळी खिळे ठोकले जातात. नकाशा पसंत पडला की फक्कीने तो प्रत्यक्ष जमिनीवर आखावा, त्यात खाटा आणि खुर्च्या मांडून पाहाव्यात. कागदावर प्रशस्त वाटणारी खोली जमिनीवर किती लहान असते, हे कळण्यास फक्कीच्या चार रेघा पुरतात. भिंत पाडण्यापेक्षा रेघ पुसणे स्वस्त.

तिसरी गोष्ट छपराची. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सावरगावच्या बाजूला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तिकडे सपाट गच्ची समजू शकते. तिच्यावर मिरच्या वाळतात, उन्हाळ्यात माणसे निजतात. आपल्याकडे मात्र शहरी नकाशाची नक्कल करून सपाट स्लॅब घालावयाचा, तो गळू लागला की त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालावयाचे, हा प्रकार गावोगाव दिसतो. एका घराला दोन छपरे आणि दुप्पट खर्च! १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि उतरत्या छपराला सुबक कौल मिळाले. उतार, दोन-तीन फुटांची पुढे आलेली वळचण आणि भोवती पडवी ही आपल्या हवामानाने घडविलेली रचना आहे. तिला मागासलेली म्हणणाऱ्यांनी पावसाला तसे सांगून पाहावे.

समुद्राकाठी लोखंडाचा शत्रू मीठ. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने किनारी हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण आणि अधिक बळकट मिश्रण सांगितले आहे, ते उगाच नव्हे. मिश्रण ओतण्यास सोपे जावे म्हणून त्यात पाणी वाढविणे, खाडीची वाळू वापरणे, मचूळ विहिरीचे पाणी घेणे आणि दोन दिवसांत पाणी मारणे थांबविणे, या चार चुका पंधरा वर्षांनी स्लॅबचे पोपडे होऊन खाली पडतात. काँक्रीट निदान दहा दिवस ओले राखावे. वर मजला कधी तरी चढेल या आशेने खांबांतून सळया उघड्या ठेवण्याची पद्धत तर आत्मघातकी आहे. मजला चढत नाही, गंज मात्र खाली उतरतो. पुढे वाढवायचेच असेल तर बाजूला वाढेल असे घर योजावे. सोकपिट विहिरीपासून पंधरा-वीस मीटरांच्या आत घेऊ नये. आपला जांभा सच्छिद्र आहे, त्यातून घाण पाझरते आणि विहीर आपलीच असते.

पैशाचे म्हणाल तर हिशेबात धरलेल्या रकमेचा सहावा हिस्सा न दिसणाऱ्या खर्चासाठी वेगळा ठेवावा. मक्ता तोंडी देऊ नये. कामाचा तपशील, दर आणि मोजमाप लेखी असावे, आणि पैसे काम झाल्यावर टप्प्याटप्प्याने द्यावेत. काटकसर करावयाची ती फरशी, रंग आणि शोभा यांत. पाया, सळई आणि छप्पर यांत नव्हे. तिरुवनंतपुरमचे वास्तुकार लॉरी बेकर, जे २००७ मध्ये निवर्तले, त्यांनी विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारे बांधकाम लोकप्रिय केले. त्यात सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि उष्णताही अडते. सावरगावच्या उन्हाळ्याला ते शोभेल. आपल्याकडे मात्र जिथे चांगला चिरा मिळतो, तिथे विटांच्या मागे लागण्याचे कारण नाही. बेकरांचा खरा धडा वीट कशी लावावी हा नव्हे. हाताशी काय आहे ते आधी पाहावे, हा आहे.

याची किंमत किती असू शकते हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला पाहिले. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि वर टनावारी मातीचे धाबे: भूकंपाने हलविले आणि घरांनीच आपल्या माणसांना गाडले. सुमारे आठ हजार जीव गेले. पुढे काही गावे नव्या जागी वसविली गेली. पण जिथे मालकांनी स्वतः उभे राहून जुनी घरे बळकट केली, तिथे लोकांना एक विद्याही मिळाली. भिंतीत आरपार दगड का घालावा, खिडक्यांवरून सलग पट्टा का फिरवावा, हे त्यांना हातांनी कळले.

म्हणूनच आमचे सांगणे सरकारला आहे आणि गृहस्थालाही. परवान्याच्या फायलीत मालकी, हद्द आणि अंतरे यांची जेवढी कसून चौकशी होते, तेवढीच जमिनीचीही व्हावी. प्रत्येक तालुक्यात तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी आणि एखादा निवृत्त अभियंता यांच्याकडून गरजूला भूपरीक्षेचा सल्ला विनामूल्य मिळावा. हे फार खर्चाचे काम नाही, इच्छेचे आहे. आणि गृहस्थाने इतके तरी करावे की, नारळ फोडण्यापूर्वी एक खड्डा फोडावा. घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात ते घर बांधताना माणसाची परीक्षा होते म्हणून. त्या परीक्षेचा पहिला प्रश्न जमीन विचारते. सावरगावच्या काळीने तो विचारला आहे, आपल्या खाजनानेही विचारला आहे. उत्तर न देता पुढे जाणाऱ्यांचा निकाल पुढील पावसाळ्यात भिंतीवर लागतो.