कुलूप कोणाच्या दाराला?

खाजगी मालमत्तेच्या पावित्र्याची प्रवचने भांडवलदार वर्ग पिढ्यान्‌पिढ्या देत आला आहे. परंतु ही मालमत्ता ग्राहकाच्या हाती गेली की ते पावित्र्य कसे विरून जाते, याचा बोलका दाखला व्हिडिओ गेमच्या व्यापाराने पुरविला आहे. 'युबिसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीने २०१४ साली 'द क्रू' हा मोटार-शर्यतीचा गेम विक्रीस आणला. एकट्याने खेळतानाही तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असणे सक्तीचे होते. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले, आणि पूर्ण किंमत मोजून घेतलेला गेम ग्राहकाच्या घरात असूनही निरुपयोगी झाला.

अशा बंधनांचे समर्थन बहुधा चोरीच्या भीतीने केले जाते. अनधिकृत प्रतींमुळे गेम घडविणाऱ्यांच्या श्रमाचे मोल बुडते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कुलपाचा जाच कोणास होतो? एकाने कुलूप फोडले की त्यापुढील प्रती कुलपावाचूनच हिंडतात. दर खेपेस कंपनीच्या दारी हजेरी लावतो तो प्रामाणिक ग्राहक. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' विकत घेणाऱ्यांना, सर्व्हरवर ताण पडल्यामुळे, आपलाच गेम उघडता येईना. ही सक्ती अपरिहार्य नव्हती, कारण वर्षभराने त्याच कंपनीने सर्व्हरवाचून खेळण्याची सोय करून दिली.

मुळात गेमची आणखी एक प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. येथे टंचाई निसर्गाची नव्हे, कायद्याने निर्माण केलेली असते. निर्मितीचा खर्च निघावा म्हणून समाज ही मक्तेदारी ठराविक मुदतीपुरती मान्य करतो; मुदत संपताच कृती सर्वांची व्हावी, हा त्यातील सौदा. कुलपाला मात्र मुदत नाही. सर्व्हरच मावळल्यावर समाजाच्या पदरात पडायचे काय?

अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, असे कुलूप फोडणे हेच बेकायदा ठरविले. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेले कलम ६५-अ दोन वर्षांपर्यंतची कैद सांगते. मात्र हक्कभंगाचा हेतू असल्याची अट त्याने राखली, हे शहाणपणाचे झाले. तरीही दुकान बंद करताना किल्ली ग्राहकास देण्याचे बंधन विक्रेत्यावर हा कायदा घालीत नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ही विक्री नसून केवळ परवाना आहे, हे ग्राहकास स्पष्ट सांगावे लागते. पण लूट सांगून केल्याने ती व्यवहार ठरत नाही. कंपनीने हात काढून घेतल्यावरही विकलेला गेम खेळता यावा, या मागणीवर युरोपातील दहा लाखांहून अधिक नागरिकांनी २०२५ पर्यंत सह्या केल्या. मागणी माफक आहे: जे विकले, ते विकलेलेच राहावे. मालमत्तेचे पावित्र्य खरे असेल, तर ते घेणाऱ्याच्या बाजूनेही खरे असले पाहिजे.