नुसतं ‘चिनी वनौषधी’ म्हणून भागत नाही

या आठवड्यात एका वाचकाने एका पाकिटाचा फोटो पाठवला. वजन उतरवणारा चिनी चहा. पुढच्या बाजूला धुक्यातले डोंगर, बांबूचं बेट आणि ठळक अक्षरांत ‘हजारो वर्षांची परंपरा’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘दुष्परिणाम नाहीत’. मागच्या बाजूला घटकांच्या जागी एकच ओळ: निवडक चिनी वनौषधी. वनस्पती कोणती ते नाही, मूळ वापरलं की पान ते नाही, एका पुडीत किती माल आहे तेही नाही. झाडपाल्याच्या प्रत्येक पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तिचा भाग आणि मात्रा छापलीच पाहिजे, हा या स्तंभाचा हेका नेहमीच्या वाचकांना पाठ झाला असेल. तो पुन्हा धरायला या पाकिटाने भाग पाडलं.

अशा चहांत सर्रास आढळणारा घटक म्हणजे सोनामुखी, आपल्याकडे आजीच्या बटव्यात असायची तीच. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या सोनामुखीला जगभर गिऱ्हाईक आहे. तिने पोट साफ होतं, काट्यावर किलोभर कमी दिसतं, चरबी मात्र जागच्या जागी राहते. महिनोन् महिने घेतली तर शरीरातलं पोटॅशियम घटतं. हे झालं सोनामुखीचं, जिचे गुणदोष निदान माहीत आहेत. नाव न छापलेल्या पाल्याचं काय करायचं?

चिनी औषधांची बाजू घेणारे आणि त्यांना नाकं मुरडणारे वर्षानुवर्षं भांडत आले आहेत, की हे वैद्यक खरं की खोटं. या भांडणातून रुग्णाच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा चिनी वनौषधींच्या दोन हकिगती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत लाखो जीव वाचले. दुसरीत शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं बिघडली.

पहिली हकिगत तू यूयू यांची. 2015च्या नोबेलमुळे त्यांचं नाव सर्वांना कळलं, काम फारसं कळलं नाही. व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिक आडवे होत होते आणि क्लोरोक्विनला जंतू दाद देईनासे झाले होते. 23 मे 1967 रोजी चीनने एक गुप्त मोहीम हाती घेतली. त्या तारखेवरूनच तिचं नाव 523 पडलं. 1969मध्ये बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक संस्थेतल्या तू यूयू यांच्याकडे एका तुकडीची सूत्रं आली. त्यांनी जुनी बाडं चाळली, वैद्यांना गाठलं, दोन हजारांच्या आसपास पाठ जमवले. दोनेकशे वनस्पतींचे 380हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. त्यांतली छिंगहाओ ही वनस्पती एकदा चांगला गुण दाखवायची आणि पुढच्याच चाचणीत नापास व्हायची.

चौथ्या शतकातला वैद्य गे होंग याच्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तिकेत तू यूयू यांना धागा सापडला. मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवायची, पिळून रस काढायचा आणि तो प्यायचा, एवढीच कृती. चिनी औषध म्हणजे बहुधा उकळून आटवलेला काढा. इथे उकळण्याचं नावच नव्हतं. म्हणजे उष्णतेने गुण जात असावा. तू यूयू यांनी पाणी सोडून इथर घेतलं, जे 35 अंशांच्या आसपासच उकळतं. देठ टाकले, फक्त पानं घेतली. अर्कातला विषारी आम्ल भाग वेगळा काढला. 4 ऑक्टोबर 1971 रोजी 191व्या क्रमांकाच्या अर्काने उंदरांच्या रक्तातले हिवतापाचे जंतू साफ नाहीसे केले. माणसांना देण्याआधी, 1972मध्ये, तू यूयू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेतला. मग हाइनान बेटावरच्या रुग्णांना दिला. त्याच वर्षी त्यातलं औषधी द्रव्य स्फटिकरूपात वेगळं झालं. तेच आर्टेमिसिनीन.

यातली एक गोष्ट या स्तंभाला फार मोलाची वाटते. जुन्या ग्रंथांत छिंगहाओ हे नाव दवण्याच्या कुळातल्या एकाहून अधिक वनस्पतींना लावलेलं होतं. हिवतापावर चालतं ते द्रव्य आर्टेमिसिया ॲन्युआ या जातीत भरतं. त्यातही पानांत, आणि फुलोरा येण्याआधीच्या दिवसांत जास्त. जात चुकली, हंगाम चुकला किंवा पाणी उकळलं, की तीच परंपरा निकामी. परंपरेने वाट दाखवली हे खरंच; पण कोणतं झाड, कोणता भाग, कधी तोडलेला, किती आणि कसा दिलेला, ही उत्तरं तू यूयू यांच्या तुकडीने एकेक करून मिळवली. आज गडचिरोलीच्या जंगलातल्या फाल्सिपेरम हिवतापाच्या रुग्णाला मिळणाऱ्या गोळ्यांत याच आर्टेमिसिनीनपासून बनवलेलं औषध असतं. उलट, त्या पाल्याचा नुसता चहा हिवतापावर घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण चहात द्रव्य किती उतरलं याचा भरवसा नसतो आणि अर्धवट मात्रेने जंतू निर्ढावतात.

दुसरी हकिगत ब्रसेल्सची. तिथल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात बरीच वर्षं एक उपचार बिनबोभाट चालू होता. 1990मध्ये त्या कॅप्सूलमध्ये दोन चिनी वनौषधींची भर पडली. त्यांतली एक होती स्टिफानिया टेट्रांड्रा, चिनी नाव हान फांगजी. तिच्या नावाखाली प्रत्यक्षात आलं ते ग्वांग फांगजी, म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची या वेगळ्याच कुळातल्या वेलीचं मूळ. बाजारात दोन्ही फांगजीच. वाळवून कापलेल्या चकत्या शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळणार नाही.

1992मध्ये तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे तरुण बायका येऊ लागल्या. आधी धडधाकट, आता मूत्रपिंडं झपाट्याने आटत चाललेली. सगळ्यांत सामाईक एकच गोष्ट, तो दवाखाना. 1993मध्ये व्हानहर्वेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पहिल्या नऊ जणींची नोंद प्रसिद्ध केली. पुढे आकडा शंभरावर गेला. कित्येकींना डायलिसिसवर जावं लागलं, कित्येकींना मूत्रपिंड बदलावं लागलं. त्या मुळातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं खराब करून थांबत नाही, ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निकामी मूत्रपिंडं खबरदारी म्हणून काढून टाकलेल्या 39 रुग्णांपैकी 18 जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला.

त्या बायकांना कोणी मुद्दाम विष दिलं नव्हतं. वजन कमी व्हावं एवढीच त्यांची अपेक्षा होती आणि ‘नैसर्गिक’ या शब्दावर विश्वास. ज्या परंपरेतून तू यूयू यांना छिंगहाओ मिळाली, त्याच परंपरेत फांगजीही होती. पहिल्या ठिकाणी प्रत्येक पान तपासलं गेलं, दुसऱ्या ठिकाणी पोत्यावरच्या नावावर कारभार झाला. तैवानने ॲरिस्टोलोकियाची औषधं 2003मध्ये बंद केली, तोवर तिथल्या विमाधारकांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना ती कधी ना कधी लिहून दिली गेली होती. आपल्याकडची सापसण म्हणजे याच कुळातली ॲरिस्टोलोकिया इंडिका. विंचू-सापावर ती अजूनही उगाळून दिली जाते, तिचे काढेही घेतले जातात. ते आजच थांबवावेत.

ओळखीच्या औषधांनाही मात्रा लागतेच. मा ह्वांग, म्हणजे एफेड्रा, चीनमध्ये सर्दी-दम्यावर चार दिवस देण्याचं औषध. त्यातल्या एफेड्रिनने आधुनिक वैद्यकालाही दम्यावर औषध दिलं. अमेरिकेत तेच वजन उतरवायला आणि व्यायामाला जोर यावा म्हणून डब्यांतून विकलं गेलं, आणि हृदयविकाराच्या व पक्षाघाताच्या तक्रारी साचल्यावर 2004मध्ये अशा पूरक आहारांवर बंदी आली. गानचाव हे तर आपलं ज्येष्ठमधच, चिनी काढ्यांत जवळजवळ हटकून असणारं. खोकल्याला दोन दिवस तुकडा चघळला तर काही बिघडत नाही. रोज, बऱ्याच प्रमाणात घेतलं तर त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. घरात कोणाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर ज्येष्ठमधाच्या काढ्याची सवय लावून घेऊ नये.

हे सगळं चीनचं म्हणून आपण निर्धास्त राहण्याचं कारण नाही. करोनाच्या काळात गुळवेल घरोघरी उकळली गेली. 2021मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: गुळवेलीच्याच टिनोस्पोरा वंशातली, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली नाही ना, याची खात्री करायला हवी होती. हरकत रास्त होती. 2022मध्ये देशातल्या 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा मोठा अभ्यास आला आणि गुळवेलीवरचा संशय त्याने दूर केला नाही. पण जात ओळखणं इतकं महत्त्वाचं आहे हे मंत्रालयच सांगत असेल, तर गुळवेलीच्या प्रत्येक पुडीवर आणि बाटलीवर ती जात तपासल्याचा दाखला छापायला लावणंही मंत्रालयाचंच काम आहे. चीनने ब्रसेल्सनंतर ॲरिस्टोलोकियाची औषधं एकामागून एक औषधकोशातून काढली. 2020च्या आवृत्तीतूनही काही वगळली. आपण कोणाच्या मूत्रपिंडांची वाट पाहायची?

या स्तंभाला झाडपाल्याबद्दल प्रेम आहे. चीनमध्ये जुलाबावर ह्वांग ल्यानमधल्या बर्बेरिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात, आणि तेच बर्बेरिन आपल्या दारुहळदीत आहे. असं किती धन अजून तपासायचं राहिलं असेल! म्हणूनच ते नाव नसलेल्या पुड्यांतून विकलं गेलेलं बघवत नाही.

वाचकांना विनंती एवढीच. चिनी असो वा देशी, कुठलाही पाला, चूर्ण किंवा काढा चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील या भीतीनेही लपवू नका. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर डानशेन किंवा डांगग्वे या चिनी वनौषधी असलेलं काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये. या दोन्हींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि काही घेतल्यावर लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, अंगावर सूज आली, तर ते पाकीट घेऊनच दवाखाना गाठा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला सरकारचा 1800-180-3024 हा विनाशुल्क क्रमांक आहे. तिथे सामान्य माणसालाही तक्रार नोंदवता येते.