जंतू वेगळा, उपचार तेच

क्षयरोगाचे उच्चाटन २०२५ पर्यंत करू, अशी घोषणा केंद्र सरकारने २०१८ साली केली. मुदत उलटली, क्षय राहिला. त्याच २०१८ साली वाशीमची गणना ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत झाली. मागासलेपणाला इतके गोंडस नाव सरकारलाच सुचावे! या दोन घोषणांच्या सांदीत एक रोग दडून बसला आहे. त्याचे नाव कोणत्याच फलकावर नाही.

क्षयाच्या जंतूचे शंभरावर भाऊबंद माती-पाण्यात, टाक्यांत, नळांत राहतात. धडधाकट माणसाला ते सहसा बाधत नाहीत. परंतु एचआयव्हीने ज्याची प्रतिकारशक्ती पोखरली आहे, ज्याच्या रक्तातील सीडी-४ पेशी पन्नासाच्या खाली गेल्या आहेत, त्याच्या सर्वांगात ते पसरू शकतात. ताप, रात्रीचा घाम, अतिसार, झिजत जाणारा देह. पाहणारा म्हणतो, क्षय.

घोटाळा इथेच होतो. थुंकीच्या काचपट्टीवर दोन्ही जंतू सारखेच लाल दिसतात. सीबीनॅट यंत्र क्षयाचा जंतू ओळखते, त्याचे हे भाऊबंद ओळखत नाही. त्यांची जात कळायला नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत आठवडे न् आठवडे वाढवावे लागतात. रोग सर्वांगात पसरला असेल तर रक्ताचा नमुना लागतो. मालेगाव तालुक्यातील किन्हीराजाहून नागपूरची संदर्भ प्रयोगशाळा दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. नमुना एक वेळ तिथवर जाईलही. पण तो पाठवावा हे कुणाला तरी सुचले पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत शेतमजुराने जगले पाहिजे.

तोवर क्षयाच्याच गोळ्या चालतात. या गटात नेहमी आढळणारा ‘एव्हियम’ जंतू आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यांना मुळातच जुमानत नाही. गुण आला नाही की रोग्यावर ‘औषधाला दाद न देणारा क्षय’ असा शिक्का बसण्याचा धोका असतो, आणि गोळ्या चुकविल्याचा ठपकाही त्याच्याच माथी. वास्तविक जंतूने बंड केलेलेच नसते. तो जन्मतःच तसा असतो.

खरे बंड नंतर होते. या जंतूवर मदार आहे ती क्लॅरिथ्रोमायसिन किंवा अॅझिथ्रोमायसिनवर. जोडीला इथँब्युटॉल, आणि उपचार किमान वर्षभराचा. यातले पहिले औषध एकटेच दिले तर त्याला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात आणि त्या गटातली सारीच औषधे निकामी होतात. तेच अॅझिथ्रोमायसिन खोकल्या-तापाला दुकानातून बिनचिठ्ठीचे मिळते. दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही. सरकारी दवाखान्याचे दार बंद असते, तेव्हा त्याचे उघडे असते.

१ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून ती पेशींची संख्या न पाहता प्रत्येक बाधिताला देण्याचे धोरण आले. वेळेवर पोहोचलेल्याला हा रोग क्वचितच गाठतो. गाठतो तो उशिरा पोहोचलेल्याला. आणि उशीर कोणाला होतो, हे पक्षाच्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही.

क्षयाची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे. या रोगाचीही व्हावी. सीडी-४ घसरलेल्या तापकरी रोग्याच्या रक्ताची जंतुवाढ चाचणी विनामूल्य व्हावी, वर्षभराची औषधे मालेगावातच मिळावीत. कार्यकर्त्यांनी किन्हीराजाच्या ग्रामसभेत आरोग्य खात्याला लेखी विचारावे : गेल्या वर्षी येथून किती नमुने नागपूरला गेले आणि किती उत्तरे रोगी हयात असताना परत आली?