अंदाज आपला, गुडघा त्यांचा!

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे नव्या वर्षाच्या राशिभविष्याची पानं चाळली जातात. अमेरिकेत त्याच सुमाराला घरोघरी वेगळंच भविष्य मांडलं जातं. सासरा-जावई, बाप-लेक, ऑफिसातली मंडळी यादी समोर घेऊन बसतात आणि महाविद्यालयीन फुटबॉलच्या ‘बाऊल’ सामन्यांत कोण जिंकणार याचे आडाखे बांधतात. नाताळच्या आगेमागे असे चाळीसच्या आसपास सामने होतात.

हा फुटबॉल आपला नव्हे, बरं का! अंडाकृती चेंडू काखोटीला मारून धावायचं, नाहीतर हाताने फेकायचा आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा हा मामला. असा पहिला सामना १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथे, गुलाबांच्या उत्सवात झाला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं. सामना इतका एकतर्फी झाला, की आयोजकांनी फुटबॉल गुंडाळून ठेवला आणि पुढे काही वर्षं चक्क रथांच्या शर्यती लावल्या! १९१६ साली फुटबॉल परत आला. १९२२ मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या स्टेडियमला ‘रोझ बाऊल’ नाव मिळालं. बाऊल म्हणजे वाडगा. मग इतर शहरांनीही आपापले वाडगे मांडले. कुणी संत्र्याच्या नावाने, कुणी साखरेच्या, कुणी कापसाच्या.

भाकितांचा एक लोकप्रिय खेळ असा. सामने चाळीस असतील, तर ज्याची सर्वांत जास्त खात्री त्याला ४० गुण, त्याखालच्याला ३९, असं करत ज्याबद्दल काहीच सांगता येत नाही त्याला १. अंदाज बरोबर आला तर ते गुण आपले, चुकला तर भोपळा. म्हणजे विजेता ओळखून भागत नाही, आपली खात्री कितपत खरी हेही ठरवावं लागतं. आकडेवारी कोळून प्यालेला जावई मागे पडावा आणि जर्सीचा रंग पाहून नावं सांगणाऱ्या आजीबाईंनी बाजी मारावी, असं इथे सहज घडू शकतं.

असं का व्हावं? हंगाम डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि बाऊलचा सामना त्यानंतर दोन-चार आठवड्यांनी येतो. तेवढ्यात बरंच पाणी वाहून जातं. परीक्षा होतात. प्रशिक्षक जास्त पगारावर दुसऱ्या विद्यापीठात निघून जातो. खेळाडूही विद्यापीठ बदलायचं ठरवतात. म्हणून जाणकार मंडळी आकड्यांच्या आधी तीन प्रश्न विचारतात. कोण खेळणार नाही? प्रशिक्षक तोच आहे का? आणि पोरांना हा सामना मनापासून हवाय का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर १ जानेवारी २००७ च्या फिएस्टा बाऊलने दिलं. एकीकडे नामवंत ओक्लाहोमा, दुसरीकडे आयडाहोसारख्या आडबाजूच्या राज्यातलं बॉइसी स्टेट. पारडं ओक्लाहोमाचं जड होतं. सामना जादा वेळेत गेला. बॉइसीला साधी किक मारून एक गुण घेता आला असता आणि बरोबरी झाली असती. त्यांनी दोन गुणांचा धोका पत्करला, उजवीकडे बघत चेंडू पाठीमागून हळूच दुसऱ्याच्या हाती दिला आणि सामना ४३-४२ असा जिंकला. तो चेंडू घेऊन धावलेल्या इयन जॉन्सनने लगेच टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर गुडघा टेकून आपल्या मैत्रिणीला मागणी घातली. होकारही मिळाला!

याची दुसरी बाजू डिसेंबर २०२३ मध्ये दिसली. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले होते, पण मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला आणि निवड समितीने विजेतेपदाच्या चार संघांत त्यांना घेतलं नाही. वाट्याला ऑरेंज बाऊल आला. तोवर वीसाहून अधिक खेळाडू या ना त्या कारणाने बाजूला झाले होते. जॉर्जियाने त्यांना ६३-३ असं लोळवलं. हंगामाचे आकडे पाहून पैज लावणाऱ्याची त्या दिवशी काय गत झाली असेल!

अशा वेळी ‘मुलं पळपुटी निघाली’ असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी १ जानेवारी २०१६ चा फिएस्टा बाऊल आठवावा. नोत्र दामचा जेलन स्मिथ व्यावसायिक संघांच्या निवडीत अगदी वरच्या क्रमांकावर जाणार, असं सगळे म्हणत होते. त्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले, नसेलाही इजा झाली. निवडीत तो ३४ वा गेला आणि पुढचा अख्खा हंगाम त्याला बसून काढावा लागला. वरचा क्रमांक आणि ३४ वा यांत घरदार सावरेल एवढ्या पैशांचा फरक असतो. त्याच वर्षाअखेर स्टॅनफर्डच्या क्रिस्टियन मॅकॅफ्री आणि एलएसयूच्या लेनर्ड फोर्नेट या दोघांनी बाऊल न खेळण्याचा निर्णय घेतला. खूप टीका झाली. पण दोघांचेही संघ त्यांच्याविना जिंकले आणि २०१७ च्या निवडीत फोर्नेट चौथा, मॅकॅफ्री आठवा गेला. तारा नाही म्हणून संघ हरणार, हाही ठोकताळा तिथे फसला.

इथवर सगळी गंमत. पण २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी देण्याची मुभा दिली आणि आता तीसहून अधिक राज्यांत तो कायदेशीर आहे. पैसे बुडालेले लोक विशीतल्या या विद्यार्थ्यांना शिव्या आणि धमक्या पाठवतात. महाविद्यालयीन क्रीडासंस्थेला त्याविरुद्ध मोहीम हाती घ्यावी लागली आहे. सासऱ्या-जावयाची चहा-भज्यांवरची पैज कुणाला दुखवत नाही. पैसा गुंतला, की समोरचा मुलगा माणूस न राहता नुसता आकडा होतो.

तेव्हा अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्याने किंवा पुतणीने डिसेंबरात अशी यादी पाठवली, तर जरूर भाग घ्या. आधी गैरहजर खेळाडूंची नावं मागून घ्या, प्रशिक्षक बदलला का ते विचारा. एखादा मुलगा आपला गुडघा सांभाळण्यासाठी घरी बसला आणि त्यापायी तुमचे ४० गुण गेले, तर त्याला दोष देऊ नका. आणि ज्या सामन्याचं काहीच कळत नाही, त्याला खुशाल १ गुण लावून मोकळे व्हा!