पायांना कळेनासं होतं तेव्हा



गेल्या नरकचतुर्दशीची पहाट. तेल-उटणं लावून मी टबात पाय सोडून बसलो. पाणी कोमट वाटलं म्हणून गरम पाण्याचा नळ आणखी थोडा सोडला. तेवढ्यात आमची ही उटण्याची वाटी न्यायला आत आली आणि ओरडलीच. माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते. मी पाण्यात हात घातला, तर हाताला चटका बसला. पायांना मात्र काहीच कळलं नव्हतं.

आयुष्यभर मी मुलांना संख्याशास्त्र शिकवलं. नोंदी ठेवा, अंदाजावर विसंबू नका, हे हजार वेळा सांगितलं. पण रात्री तळव्यांची होणारी आग, बोटांना येणाऱ्या मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटणं, याची नोंद मी दोन वर्षं कुठेच केली नाही. हिलाही सांगितलं नाही. मुलांना तर नाहीच, कारण त्यांनी आधी गाडीची किल्ली काढून घेतली असती. यंदाचं सदर या गप्प बसण्याबद्दल आहे, आणि त्यानंतर मी एका कोरियन वैद्यबाईंकडे गेलो त्याबद्दल.

आधी थोडं शास्त्र. आपण बोलताना ‘नसा’ म्हणतो, त्या इथे रक्ताच्या शिरा नव्हेत. मणक्यातून निघून हातापायांच्या टोकापर्यंत जाणारे हे मज्जातंतू. ते बिघडले की त्याला पेरिफेरल न्युरोपॅथी म्हणतात. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचे तंतू सर्वांत लांब, म्हणजे सुमारे एक मीटर, म्हणून बहुधा तेच आधी आजारतात आणि बधिरपणा पायमोज्यासारखा खालून वर चढतो. मधुमेह हे सर्वांत मोठं कारण, पण एकमेव नव्हे. बी-12 ची कमतरता, दारू, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार, कॅन्सरवरची काही औषधं, हीसुद्धा कारणं असतात. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. एका मीटरला किती दिवस लागतील, हे गणित मी तुमच्यावर सोडतो.

माझ्या तेव्हाच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत ‘डायबेटिक न्युरोपॅथी’ असं निदान करून गोळी लिहून दिली. मोजे काढायला कुणी सांगितलं नाही आणि मीही काढले नाहीत. गोळीने आग कमी झाली, पण दिवसभर गुंगी आणि चक्कर. बधिर पाय आणि वर चक्कर, म्हणजे पडण्याची पूर्ण सोय! सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारे एक कोरियन गृहस्थ आहेत. ते म्हणाले, आमच्याकडे यावर सुया टोचतात, येऊन तर बघा.

पालिसेड्स पार्कच्या ब्रॉड अव्हेन्यूवर गेलात तर आपण न्यू जर्सीत आहोत की सोलमध्ये, असा प्रश्न पडतो. तिथेच एका इमारतीत वरच्या मजल्यावर बाईंचा दवाखाना आहे. दार उघडल्याबरोबर लहानपणी आजीबरोबर काष्ठौषधींच्या दुकानात जायचो तसा वास आला. भिंतीला छोटे छोटे खण, खणांवर चिठ्ठ्या. साठीच्या बाईंनी आधी जीभ पाहिली, मग तीन बोटांनी दोन्ही मनगटांची नाडी. मला वाटलं, आता वात-पित्त-कफ सांगणार.

फार चुकलो नव्हतो. ली जे-मा या वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांच्या चार प्रकृती सांगितल्या आणि प्रकृतीप्रमाणे औषध बदलावं असा सिद्धांत मांडला. त्याच्या कितीतरी आधी, 1610 मध्ये, राजवैद्य हो जुन यांनी ‘दोंगुई बोगाम’ हा 25 खंडांचा ग्रंथ पुरा केला. तो 1613 मध्ये छापला गेला आणि 2009 मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. आजही दक्षिण कोरियात या शास्त्राचा सहा वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, स्वतंत्र परवाना आहे, आणि 1987 पासून राष्ट्रीय आरोग्यविम्यात त्याचा समावेश आहे. अमेरिकेत मात्र ती पदवी चालत नाही. इथे परवाना मिळतो तो अ‍ॅक्युपंक्चरचा, आणि तोही राज्याकडून. तेव्हा कुठेही जाल तर भिंतीवरचा परवाना वाचून घ्या.

बाईंनी पायाला हात लावण्यापूर्वी माझ्या गोळ्यांची यादी मागितली. मेटफॉर्मिन किती वर्षं? चौदा. मांस, मासे, अंडी? जन्मात नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. “बी-12 कधी तपासलं होतं?” मला आठवेना. “आधी रक्त तपासून या. मी सुया टोचत बसले आणि कारण तसंच राहिलं, तर माझ्या सुया तुमचं नुकसान करतील.”

वाचकहो, मी खजील झालो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसाचा साठा आधीच बेताचा. असं औषध घेणाऱ्यांचं बी-12 अधूनमधून तपासावं, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही सांगते. माझं निघालं 168. प्रयोगशाळेच्या कागदावर किमान आकडा होता 200 च्या वर. इंजेक्शनं सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात बाईंच्या सुयाही.

सुया केसासारख्या बारीक, गुडघ्याखाली आणि पायाच्या बोटांच्या मध्ये. दुखत नाही म्हटलं तरी चालेल. मात्र दोन गोष्टी त्यांनी माझ्यावर केल्या नाहीत. एक म्हणजे वाळलेल्या दवण्याच्या जातीतल्या पानांची वात पेटवून शेक देणं. “ज्या पायाला चटका कळत नाही, त्याच्याजवळ मी विस्तव नेत नाही,” त्या म्हणाल्या. मला आमचा टब आठवला. दुसरी म्हणजे मधमाशीच्या विषाची टोचणी. ती कोरियात बरीच वापरतात, पण तिची जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते.

काढाही दिला नाही. अशा तक्रारीवर कोरियात आणि जपानमध्ये दहा द्रव्यांचं एक जुनं औषध देतात. त्यात दालचिनी आहे, आपल्या गणपतीच्या पत्रीतल्या आघाड्याचा भाऊबंद आहे, इसबगोलाच्या कुळातलं बी आहे आणि शुद्ध केलेला बचनागही आहे. बचनाग हृदयाची लय बिघडवू शकतो, आणि मी हृदयाच्या गोळ्या घेतो. याच औषधाची जपानमध्ये केमोथेरपीने नसा बिघडू नयेत म्हणून मोठी चाचणी झाली. ती मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांचा त्रास उलट जास्त दिसला. जुनं आहे, झाडपाल्याचं आहे, म्हणून निर्धोक आहे, असं समजणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितो.

आता तुम्ही विचाराल, गुण आला का? तीन महिन्यांनी रात्रीची आग निम्म्याहून कमी झाली. गोळीचा डोस डॉक्टरांनी उतरवला. बोटांचा बधिरपणा बराचसा आहे तसाच आहे. पण हा गुण सुयांचा की इंजेक्शनांचा? दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केल्यामुळे मला सांगता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याने असा प्रयोग आणून दिला असता तर मी तो परत पाठवला असता. नसांच्या दुखण्यावर अ‍ॅक्युपंक्चर उपयोगी पडतं का, याचा कोक्रेनने 2017 मध्ये आढावा घेतला. त्यांना फक्त 6 चाचण्या आणि 462 रुग्ण सापडले, आणि एवढ्या पुराव्यावर हो किंवा नाही काहीच म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. मी अजून जातो, कारण मला बरं वाटतं. पण सुईने मेलेली नस जिवंत होते असं कुणी सांगितलं, तर पाकीट खिशातच ठेवा. पाकिटाचं म्हणाल, तर मेडिकेअर 2020 पासून अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतं, पण फक्त जुनाट कंबरदुखीसाठी. पायांसाठी आपल्याच खिशातून.

माझी खरी चूक सुयांची नाही आणि गोळ्यांचीही नाही. डॉक्टरांना वैद्यबाईंबद्दल सांगायला मला दोन महिने लागले. हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी नाव लिहून घेतलं आणि या वेळी मोजे काढायला सांगितले. दुखणारा पाय निदान बोंब तरी मारतो. बधिर पायात खडा रुततो, जखम होते, चिघळते, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून रोज रात्री तळवे पाहा, वाकता येत नसेल तर आरशात. घरातही अनवाणी फिरू नका, फटाके उडवताना तर नाहीच. आंघोळीचं पाणी हाताच्या कोपराने पाहा.

आता दुसऱ्या पिढीतल्या वाचकांसाठी. फोनवर “कसे आहात?” विचारलंत तर आम्ही “मजेत” असंच म्हणणार. त्यापेक्षा पाडव्याला वाकून नमस्कार कराल ना, तेव्हा आणखी एक मिनिट खालीच थांबा. आई-बाबांना मोजे काढून डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला तुमच्या बोटाने, न दाबता, एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा आणि कळलं की सांगायला सांगा. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर दिवाळी झाल्यावर लगेच डॉक्टरांची वेळ घ्या, आणि बी-12 चं नाव तुम्हीच काढा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावी ही तपासणी निघाली. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

माझ्या नातीने परवा माझी घेतली. सहापैकी तीन. ती म्हणाली, “आजोबा, नापास!” पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा आहे.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.